काळा सोडून सगळे रंग येतात! टँकवाला प्रिंटर, हेड खरंच गेलंय का? (नाशिक)

अश्विननगर_टीचर | शुक्रवार, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. घरी चार रंगांचा टँकवाला प्रिंटर आहे, हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) आतच फिक्स असलेला. मी घरी नववी-दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे आमच्याकडे काळी शाईच सगळ्यात जास्त लागते आणि नेमकी तीच बंद पडलीय. लाल, निळा, पिवळा झकास. वर्डमधून पेपर दिला की पान कोरं, मधे एखादी रंगीत आकृती असली तर तेवढीच छापून येते. कॉम्प्युटर बंद ठेवून काचेवरून झेरॉक्स काढून बघितली, तीही कोरी. काळ्याची टाकी अर्ध्याच्या वर भरलेली दिसतेय. हेड क्लीनिंग करून करून दमले, आधी थोडं अंधुक तरी यायचं आता तेही नाही. एका दुकानात फोन केला तर न बघताच म्हणाले हेड गेलंय मॅडम, नवाच घ्या. रविवारी सकाळी पोरांचा विज्ञानाचा सराव पेपर आहे. काही करता येईल का?

भद्रकाली_बॉय | शुक्रवार, रात्री ९:२२
अक्षरांचा रंग निळा करा आणि द्या पेपर. पोरं तशीही पेपर बघून काळीनिळी पडतात, काळी नाही तर निळी.

एमजीरोड_रिपेअर | शुक्रवार, रात्री ९:४८
ताई सगळ्यात आधी क्लीनिंग थांबवा. बहुतेक मशीनमध्ये प्रत्येक क्लीनिंगला चारही टाक्यांतली शाई ओढली जाते आणि ती मशीनच्या आत तळाशी एक स्पंजसारखं पॅड असतं त्यात जाते, प्रिंटर त्याचा हिशोब ठेवत असतो, तो आकडा भरला की मशीन सरळ बंद, मग पॅड बदलून काउंटर रीसेट करून घ्यावा लागतो. म्हणजे काळा येत नाही म्हणून क्लीनिंग मारत बसलं की चालू असलेले तीन रंगही त्याच पॅडमध्ये जातात. लोक हे करतात आणि मग दोन बिघाड घेऊन दुकानात येतात.
आता फक्त एक नोझल चेक काढा, म्हणजे हेडच्या बारीक भोकांतून शाई येते का ते दाखवणारं रेषांचं चाचणी पान. त्याला शाई नगण्य लागते. आणि काळ्याच्या जागी नक्की काय दिसतं ते सांगा. अजिबात काहीच नाही, की तुटक रेषा आहेत, की सुरुवातीला येऊन मग गायब होतात. या तिन्हीची कारणं वेगवेगळी असतात.
भद्रकालीवाल्या भाऊंचा विनोद सोडा पण आयडिया बरोबर आहे, फक्त गडद निळा घेऊ नका. रंग जितका गडद तितकी ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) त्यात काळी शाई मिसळतो. सरळ चमकदार निळा घ्या, तो निळ्या आणि गुलाबी शाईतूनच तयार होतो. रविवारचं काम भागेल.

कॉलेजरोड_कोडर | शुक्रवार, रात्री १०:०५
आधी सेटिंग बघा ना, हार्डवेअरला हात कशाला लावायचा. माझ्याकडे कॅननच्या जी सिरीजचा आहे, त्यात काळी शाई पिगमेंटची (बारीक कणांची) आणि बाकीच्या तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या). पेपर टाईप ग्लॉसी फोटो राहिला की तो काळ्या बाटलीला हातच लावत नाही, तीन रंग मिसळून काळपट काढतो. कित्येक दिवस मला वाटायचं की काळा फिका का येतोय. प्लेन पेपर केलं की सरळ. ग्रेस्केलची टिकपण बघा.

एमजीरोड_रिपेअर | शुक्रवार, रात्री १०:१४
कोडर भाऊ तुमचं बरोबर आहे पण त्यात काळपट का होईना काहीतरी छापून येतं. ताईंचं पान कोरं येतंय. शिवाय कॉम्प्युटर बंद ठेवूनही झेरॉक्स कोरी, म्हणजे ड्रायव्हर, केबल, वायफाय, विंडोजचं अपडेट हे सगळं यादीतून बाद. राहिलं मशीन. नोझल चेकवर तर पेपर टाईपचा काही परिणामच होत नाही, ते मशीन स्वतःच्या मनाने काढतं. म्हणून ते आधी मागितलं.

गंगापूररोड_आई | शुक्रवार, रात्री १०:३०
आमच्याकडे एचपीचा छोटा कार्ट्रिजवाला आहे, असंच झालेलं. वाटीत कोमट पाणी, त्यात बुडवून पिळलेला टिश्यू, त्यावर कार्ट्रिज नोझलची बाजू खाली करून मिनिटभर टेकवायचं. टिश्यूवर काळा पट्टा उमटला की समजायचं शाई वाहतेय. मग तांब्याचे पॉईंट सुक्या मऊ कापडाने पुसून परत बसवायचं. आणि नवीन कार्ट्रिज असेल तर प्लास्टिकची टेप काढलीय का ते बघा, आमच्या ह्यांनी टेपसकट बसवलं होतं आणि दुकानदाराशी भांडून आले!

एमजीरोड_रिपेअर | शुक्रवार, रात्री १०:३६
हा उपाय छान आहे वहिनी, पण त्या कार्ट्रिजमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं म्हणून जमतं. ताईंच्या मशीनचं हेड आत बसवलेलं आहे, ते असं काढून टिश्यूवर ठेवता येत नाही. धाग्यावर वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपला प्रिंटर कुठल्या जातीचा ते आधी बघा मगच उपाय करा.

मालेगाव_भो | शुक्रवार, रात्री ११:०२
अहो एवढा विचार काय करायचा भो. काच पुसायचं लिक्विड घ्या, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरा, नळी लावा हेडला आणि द्या दाबून. समदी घाण भाईर. आमच्या गावात सगळे असंच करतात.

एमजीरोड_रिपेअर | शुक्रवार, रात्री ११:१५
आणि तीच हेडं माझ्याकडे येतात. मालेगाव भाऊ, राग मानू नका पण दाबून द्यायचं नाही. आतली भोकं केसाहून बारीक असतात आणि त्यामागची पातळ पडदी सिरिंजचा जोर सहन करत नाही. एक रंग दुसऱ्यात शिरतो, मग पिवळ्यात काळा यायला लागतो. द्रव चुकून वर इलेक्ट्रॉनिक पट्टीवर गेला तर शॉर्ट होऊन मेन बोर्डसुद्धा जातो, तेव्हा मात्र दुकानदाराचं "नवाच घ्या" खरं होतं. चोक झालेलं हेड भिजवायचं असतं, ढकलायचं नसतं. आणि नळाचं किंवा बोअरचं पाणी तर अजिबात नको, वाळलं की क्षार उरतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर नाहीतर हेड क्लीनिंगचं तयार लिक्विड.

जेलरोडकाका | शनिवार, सकाळी ६:५०
शुभ सकाळ. नोकरी इथे जेलरोडला नोटांच्या प्रेसमध्ये झाली, त्यामुळे शाई म्हटलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे आणि तिथली इंटॅग्लिओची शाई दाट लेपासारखी असते, कोरलेल्या प्लेटमधून प्रचंड दाबाने कागदावर उचलली जाते म्हणून नोटेवर बोट फिरवलं की उठाव लागतो. तुमच्या घरच्या प्रिंटरची शाई याच्या अगदी उलट, जवळजवळ पाण्याइतकी पातळ. तिला दाब नको, सलग धार हवी. मधे हवा आली की संपलं.
दुसरं, शाई डाय आहे का पिगमेंट ते बाटलीवर नाहीतर कंपनीच्या साईटवर बघा. डाय म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला, वाळला तरी ओलावा मिळाला की बहुतेक परत सुटतो. पिगमेंट म्हणजे बारीक कण तरंगत असतात, ते वाळून बसले की सहजासहजी सुटत नाहीत. एकाच कंपनीतही फरक असतो, एप्सनच्या ००३ नंबरच्या चारही बाटल्या डायच्या, ००१ मधली काळी मात्र पिगमेंटची. स्वस्तातली कुठलीही काळी आणून ओतू नये ती यासाठी.

अश्विननगर_टीचर | शनिवार, सकाळी ८:२०
काका, दादा खूप आभार. नोझल चेक काढलं. तिन्ही रंगांच्या रेषा अखंड, एकही तुटलेली नाही. काळ्याच्या ठोकळ्यात सुरुवातीच्या काही रेषा फिकट दिसतात आणि पुढे पूर्ण पांढरं. लगेच दुसऱ्यांदा काढलं तर त्याही नाहीत. अर्ध्या तासाने परत काढलं तर पुन्हा सुरुवातीच्या तेवढ्याच फिकट रेषा आल्या!!

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, सकाळी ९:०५
ताई हे वाचून मला बरं वाटलं. बहुतेक हेड ठीक आहे तुमचं.
कसं ते सांगतो. हेड सुकून चोक झालं असेल तर दरवेळी त्याच त्याच रेषा गायब असतात, जागा बदलत नाही. दरवेळी वेगवेगळ्या रेषा गायब होत असतील तर हवेचे बुडबुडे फिरतायत, नाहीतर हेड ज्या रबरी कपवर जाऊन बसतं तो कप नीट चिकटत नाहीये. आणि सुरुवातीला येऊन मग मरतं, थोडं थांबलं की परत थोडं येतं, म्हणजे हेडपर्यंत शाई पोचतच नाहीये, थेंब थेंब जमतं तेवढंच छापतं. सायपनसारखं आहे, नळी सलग भरलेली असेल तरच ओढ लागते. आणि अख्खा काळा एकदम गेला, बाकी तीन ठणठणीत, हेही त्याच बाजूला बोट दाखवतं, कारण वाळायचं असतं तर एकेक करून रेषा गेल्या असत्या.
इलेक्ट्रिकल असतं तर सुरुवातीच्या रेषाही आल्या नसत्या.
आता वरचं स्कॅनरचं झाकण उचला, आत टॉर्च मारा. टाक्यांपासून हेडपर्यंत चार बारीक पारदर्शक नळ्यांची पट्टी जाते. काळी नळी टाकीपासून हेडपर्यंत सलग काळी आहे का बघा. मधे पारदर्शक तुकडे दिसले तर ती हवा. फक्त बघा, नळी ओढू नका आणि ती जी पारदर्शक पट्टी आडवी ताणलेली असते तिला बोट लावू नका, हेडला आपली जागा त्या पट्टीवरून कळते, तेलकट बोट लागलं की अक्षरं हलायला लागतात. जुन्या काही टँकवाल्या मशीनला बाजूला एक चावी असते, प्रवासात शाई बंद करायला, ती असेल तर चालू बाजूला आहे ना तेही बघा.

निफाडचा_बागायतदार | शनिवार, सकाळी ९:४०
मधेच घुसतो, माफ करा. आमच्याकडे लेझर आहे, द्राक्षाच्या एक्सपोर्टचे कागद काढायला. कालपासून पूर्ण कोरं पान येतंय. टोनर नवा टाकलाय. हेच उपाय लागू का?

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, सकाळी ९:४८
नाही दादा, लेझरमध्ये शाईच नसते, टोनर म्हणजे भुकटी असते, तिथे यातलं काहीच लागू नाही. नवा टोनर आहे म्हणजे आधी बाजूची सीलची पट्टी पूर्ण ओढून काढलीय का बघा, कधी कधी अर्ध्यात तुटते आणि आतच राहते. तरी नाही आलं तर प्रिंट अर्ध्यात असताना झाकण उघडा आणि टोनर बाहेर काढून ड्रम बघा, म्हणजे ज्यावर आधी भुकटीची अक्षरं उमटतात तो रोल. ड्रमवर अक्षरं दिसतायत पण कागदावर नाहीत तर ट्रान्सफर रोलरचा (ड्रमवरची भुकटी कागदावर ओढणाऱ्या रोलरचा) प्रॉब्लेम. ड्रमवरही काहीच नाही तर टोनर नाहीतर लेझर युनिट. ड्रम फार वेळ उजेडात ठेवू नका आणि वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

अश्विननगर_टीचर | शनिवार, सकाळी ११:१५
दादा तुम्ही म्हणालात तेच आहे. बाकीच्या तीन नळ्या भरलेल्या आणि काळी हेडच्या बाजूला चांगली वीतभर रिकामी! त्याच्या अलीकडे पण छोटे छोटे तुकडे. टाकीत शाई आहे मग हवा आली कुठून?

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, सकाळी ११:२२
टाकी कधी खालच्या रेषेच्या खाली गेली होती का? किंवा प्रिंटर कुठे हलवला होता, आडवा उभा केला होता?

अश्विननगर_टीचर | शनिवार, सकाळी ११:३०
टाकी कधीच खाली जाऊ देत नाही मी. पण हो, गेल्या महिन्यात घराला रंग दिला. पेंटरने सगळं सामान बाल्कनीत नेलं होतं, संध्याकाळी बघितलं तर प्रिंटर एका कुशीवर उभा, वरती बादल्या ठेवलेल्या. त्यानंतर थोडे दिवस चालला पण.

भद्रकाली_बॉय | शनिवार, सकाळी ११:३३
सापडला गुन्हेगार.

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, सकाळी ११:५५
झालं मग. कुशीवर ठेवला की शाई टाकीत मागे सरकते नाहीतर हवेच्या भोकातून बाहेर येते आणि नळीत हवा शिरते. थोडे दिवस चालला कारण हेडच्या वर एक छोटी डबी असते, डॅम्पर म्हणतात, तिच्यात उरलेली शाई वापरली गेली. ती संपली आणि मागून हवा आली. तुम्ही क्लीनिंग मारत होतात तेव्हा साध्या क्लीनिंगची ओढ इतकी कमी असते की एवढी लांब हवा ती ओढू शकत नाही, शाई थोडी पुढे यायची आणि अडकायची.
आता उपाय. काळ्याची टाकी वरच्या रेषेपर्यंत भरा, ओरिजिनल शाईने, आणि टाकीचं झाकण घट्ट लावा. बाकीच्या तीन टाक्याही बघा, कारण आता जे क्लीनिंग करायचंय ते भरपूर शाई पितं. एप्सनमध्ये त्याला पॉवर क्लीनिंग म्हणतात, कॅननमध्ये सिस्टीम क्लीनिंग, तुमच्या मशीनच्या मेंटेनन्स टॅबमध्ये जे सगळ्यात मोठं असेल ते. एप्सनवाले तर सांगतात की प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली असल्याशिवाय हे करूच नका, नाहीतर नळीत हवाच ओढली जाईल. एकदाच करा. एकदा म्हणजे एकदा. मग नोझल चेक काढा आणि काहीही आलं असो नसो, मशीन त्याच्या बटणाने बंद करून रात्रभर सोडून द्या. त्यांच्या बऱ्याच टँक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दोन पॉवर क्लीनिंगच्या मधे १२ तासांचं अंतर सांगितलंय ते उगाच नाही, तेवढ्या वेळात बारीक बुडबुडे एकत्र होऊन वर सरकतात आणि शाई आपसूक खाली उतरते.

कॉलेजरोड_कोडर | शनिवार, दुपारी १२:१०
पण त्यात पॅड भरणार ना, तुम्हीच वर म्हणालात. त्यापेक्षा डॅम्परला सिरिंज लावून हळू ओढून घेतलं तर? यूट्यूबवर सगळे तेच करतात.

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, दुपारी १२:२५
मी दुकानात तेच करतो. ओढणं बरोबर आहे, ढकलणं चूक. हेडकडून डॅम्पर सोडवायचा, रिकामी सिरिंज लावायची आणि एकदम सावकाश शाई दिसेपर्यंत ओढायची. पण त्यासाठी मशीन उघडावं लागतं, डॅम्परची टोकं नाजूक, आणि एक थेंब केबलवर पडला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. ज्यांनी कधी उघडलं नाही त्यांनी आधी मोठं क्लीनिंग करून बघावं, पॅडचं थोडं आयुष्य गेलं तर गेलं. रविवारी सकाळी पेपर असताना शनिवारी रात्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नये.

जेलरोडकाका | शनिवार, संध्याकाळी ५:३०
आणि दादांनी "त्याच्या बटणाने बंद करा" लिहिलंय ते नुसतं वाचून सोडू नका. बटणाने बंद केलं की हेड कडेला जाऊन कपवर बसतं आणि झाकलं जातं. भिंतीवरचं बटण दाबलं किंवा प्रिंट चालू असताना लाईट गेली तर हेड मधेच उघडं राहतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत उघडं हेड वाळायला वेळ लागत नाही. लाईट आली की प्रिंटर एकदा चालू करून बटणाने बंद करावा.

गंगापूररोड_आई | शनिवार, संध्याकाळी ६:१०
अगंबाई! आमच्याकडे रोज रात्री सगळ्या बोर्डाचंच बटण बंद करतात, वीज वाचवायला. आजपासून बंद.

एमजीरोड_रिपेअर | शनिवार, संध्याकाळी ६:२०
बोर्ड बंद करायला हरकत नाही वहिनी, फक्त आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड.

अश्विननगर_टीचर | रविवार, सकाळी ७:३५
अपडेट. काल दुपारी टाक्या भरून मोठं क्लीनिंग केलं. काळ्याच्या टाकीची लेव्हल डोळ्यांदेखत खाली गेली. लगेच नोझल चेक काढलं तर अर्धाच ठोकळा आला, मन खट्टू झालं, परत करायचा मोह झाला पण तुमचं "एकदा म्हणजे एकदा" आठवून बटणाने बंद केलं. आज पहाटे काढलं तर काळा ठोकळा पूर्ण! फक्त खालच्या बाजूला एक रेष अजून नाही. नळीत आता एक छोटासा बुडबुडा दिसतोय, मुगाच्या दाण्याएवढा. पेपर आधीच निळ्यात काढून ठेवलेले होते ते तसेच देतेय, बाकीची उत्तरपत्रिका काळ्यात काढली, अक्षर खणखणीत.
ती एक रेष आणि तो बुडबुडा यांचं काय करू? परत एक क्लीनिंग करू का?

एमजीरोड_रिपेअर | रविवार, सकाळी ८:०२
वा! काही करू नका. एका रेषेचा फरक अक्षरात दिसत नाही. आता दोन-तीन दिवस रोज काळं काळं एखादं भरगच्च पान काढा, त्या ओढीने बुडबुडा पुढे जाऊन डॅम्परमध्ये निघून जाईल. तेव्हा कदाचित मधेच एक-दोन ओळी फिकट येतील, घाबरू नका. आठवडाभराने ती रेष तिथेच दिसली तर साधं क्लीनिंग एकदा. आणि पुढे शिकवण्यांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आठवड्यातून एक पान चारही रंगांचं काढत जा.

मालेगाव_भो | रविवार, सकाळी १०:४०
मानलं दादा. आमचा एक असाच पडून आहे काच पुसायचं लिक्विड दिल्यापासून, पिवळ्यात हिरवं येतंय. तो घेऊन एमजी रोडला येऊ का, का भंगारात देऊ?

एमजीरोड_रिपेअर | रविवार, सकाळी ११:१०
पिवळ्यात हिरवं म्हणजे निळी शाई पिवळ्यात शिरतेय. आधी पिवळ्याची टाकी बघा, तिथेच हिरवट दिसत असेल तर शाई बदलून नळी धुता येईल. टाकी स्वच्छ पिवळी असेल आणि कागदावरच हिरवं येत असेल तर हेड आतून फाटलंय, पेट्रोल घालून नाशिकला येऊ नका, तिथेच कुणाला तरी दाखवा. स्कॅनर चालू असेल तर तेवढ्यासाठी ठेवा.

मालेगाव_भो | रविवार, सकाळी ११:२५
टाकी पिवळीधमक आहे.

एमजीरोड_रिपेअर | रविवार, सकाळी ११:२७
मग स्कॅनरच.